विंगेतून : कात्री कुणाच्या हातात?

(नाच-गाण्यांच्या स्टेज शोचा कपडेपट २३ वर्षं सांभाळणाऱ्या ताई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

गेल्या अंकात पॉप गायिकांच्या स्टेजवरच्या कपड्यांबद्दल मी ओघात दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. काही रागाची, काही गोंधळलेली. त्यातली तीन पत्रं इथे घेतेय. नावं छापू नका असं तिघांनीही कळवलंय.

ताई, माझी मुलगी १६ वर्षांची आहे. २०२५च्या जूनमध्ये सब्रिना कार्पेंटर या अमेरिकन गायिकेनं नव्या अल्बमचं मुखपृष्ठ जाहीर केलं. ती हात आणि गुडघे टेकून बसलीय, शेजारी सूट घातलेला पुरुष उभा आहे, त्याचा चेहरा चित्रात नाही आणि त्याच्या मुठीत तिचे केस आहेत. लेकीनं ते चित्र खोलीत भिंतीवर लावलं. मी म्हटलं, काढ. ती म्हणाली, "आई, हे तिनं स्वतः निवडलंय. यालाच एम्पॉवरमेंट म्हणतात. तुला नाही कळायचं." मी म्हटलं, "गुडघ्यावर बसण्यात कसली आलीय ताकद?" दोन दिवस अबोला होता. मी काही जुन्या वळणाची नाही. नोकरी केली, लग्न स्वतःच्या मर्जीनं केलं. तरी ते चित्र बघून पोटात कालवतं. खरं सांगा, ही कला आहे, स्त्रीचं सक्षमीकरण आहे, की नुसता धंदा? – एक आई

तुमच्या पोटात कालवलं याचा जुन्या-नव्या वळणाशी काही संबंध नाही. मीही ते चित्र बराच वेळ बघत बसले होते. पण त्याच्याकडे येण्याआधी मला तुम्हाला दोन मुलींबद्दल सांगायचंय, कारण या विषयात मी जे काही शिकले ते त्यांच्यापासून.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका दौऱ्यावर, शोच्या आदल्या रात्री आयोजक कपडेपटात आले आणि म्हणाले, मागे नाचणाऱ्या मुलींचे स्कर्ट चार बोटं वर घ्या. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, मागच्या शोला शिट्ट्या कमी पडल्या. सहा मुली होत्या. सगळ्यांत लहान १९ वर्षांची. ती माझ्यासमोर स्टुलावर उभी होती, मी खाली बसून खडूनं खूण करत होते. मी मान वर करून बघितलं तेव्हा ती दाराकडे बघत होती. बोलली काहीच नाही. मी कात्री चालवली, कच्चा टाका घातला, रात्री दोनला सहाही स्कर्ट तयार झाले. दुसऱ्या दिवशी विंगेतून बघत होते. सबंध गाणंभर ती डाव्या हातानं स्कर्ट खाली ओढत होती. नृत्यदिग्दर्शकानं डाव्या हाताला एक सुंदर हालचाल दिली होती, खालून वर उलगडत जाणारी. ती तिनं त्या रात्री एकदाही पुरी केली नाही.

त्याच दौऱ्यातली मुख्य नर्तिका चाळिशीला आलेली होती. ती आपणहून माझ्याकडे आली आणि म्हणाली, माझ्या ड्रेसची पाठ कंबरेपर्यंत उघडी कर. त्या नाचात सुरुवातीचे ४० सेकंद ती प्रेक्षकांकडे पाठ करून उभी असायची. "तेवढा वेळ माझे खांदेच बोलतात, त्यांच्यावर कापड नको," असं तिचं म्हणणं. मी आतून अंगाच्या रंगाची बारीक जाळी लावली, दोन्ही बाजूंना हुक आणि त्यावर टिचबटणं, म्हणजे काही सरकायला नको. निळा दिवा आला की ती पाठ अशी हलायची की थिएटरात कुणी खोकत नसे. कापड मोजलं तर तिच्या अंगावर त्या मुलीपेक्षा कमीच होतं.

तर तुमच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हे, की कापड मोजून काही कळत नाही. पुष्कळ वर्षं मी एकाच खुणेवर भरवसा ठेवला: हात कपडा ओढतोय का? ओढत असेल तर तो कपडा दुसऱ्या कुणीतरी तिच्या अंगावर चढवलाय. नसेल तर तिचा तिनं घातलाय.

ब्रिटनी स्पिअर्सनं माझा हा भरवसा मोडला.

१९९८मध्ये तिचा पहिला व्हिडिओ आला तेव्हा चित्रीकरणाच्या वेळी ती १६ वर्षांची होती, तुमच्या लेकीएवढी. शाळेचा गणवेश, पोटावर गाठ मारलेला शर्ट. ही कल्पना कुठल्यातरी वयस्क निर्मात्याच्या डोक्यातून निघाली असणार असंच सगळ्यांनी धरलं. प्रत्यक्षात दिग्दर्शकाच्या मनात कार्टूनच्या अंगानं जाणारं भलतंच काहीतरी होतं. शाळा सुचवली ती तिनं. म्हणजे "तिनं स्वतः निवडलंय" या कसोटीला ती पुरी उतरते. पुढे २००८मध्ये कोर्टानं तिला पालकत्वाखाली घातलं. सज्ञान, दोन मुलांची आई असलेल्या बाईच्या पैशाचा आणि रोजच्या आयुष्याचा कारभार तिच्या वडिलांकडे आणि वकिलांकडे गेला. त्या काळात तिनं अल्बम काढले, दौरे केले, २०१३च्या अखेरीपासून चार वर्षं लास व्हेगासमध्ये ठरलेले शो केले. ते शो बघा. कमीत कमी कपडे, ताठ मान, समोरच्या हजारो लोकांना बोटावर नाचवणारी बाई. हात कुठेही कपडा ओढत नाही. आणि २३ जून २०२१ला तिनं कोर्टात सांगितलं, की माझ्याकडून मनाविरुद्ध काम करून घेतलं गेलं. गर्भ राहू नये म्हणून माझ्या शरीरात बसवलेलं साधन काढायचंय, पण त्यासाठी मला डॉक्टरकडे जाऊ देत नाहीत. ते पालकत्व सुटायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. १३ वर्षं.

ते बोलणं मी कानाला फोन लावून रात्री ऐकलं आणि मला झोप आली नाही. जिच्या ताकदीचं जगभरच्या मुली अनुकरण करत होत्या, तिला स्वतःच्या गर्भाशयाबद्दल निर्णय घेता येत नव्हता. तेव्हापासून मी स्टेजवरच्या बाईकडे बघून तिच्या ताकदीचा अंदाज बांधणं सोडून दिलं. आता मी विचारते, ही उद्या "आज नाही" म्हणाली तर काय होईल? तिचं ऐकलं जाईल का?

आणि मग हेही विचारते, की गणित चुकलं तर ते कुणाच्या अंगावर शेकतं?

१ फेब्रुवारी २००४ला सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात जॅनेट जॅक्सन आणि जस्टिन टिंबरलेक गात होते. शेवटच्या ओळीला त्यानं तिच्या कपड्याचा वरचा तुकडा ओढला. तिच्या बाजूनं दिलेला खुलासा असा, की खाली लाल लेस राहायची होती, तीही सोबत निघून आली. कपडेपटात हे कळायला वेळ लागत नाही. जे ओढून काढायचं असतं ते टिचबटणावर ठेवतात आणि जे राहायचं असतं ते शिवून टाकतात. शिवण एक ठिकाणी चुकली की दोन्ही थर एकत्र येतात. अर्ध्या सेकंदाचा प्रकार. सरकारी आयोगानं वाहिनीला ५,५०,००० डॉलर दंड केला, तो पुढे कोर्टात टिकला नाही. पण जॅनेटला झालेल्या शिक्षेवर अपील कुठे करणार? आठवड्याभरात ग्रॅमीचा सोहळा झाला. ती तिथे नव्हती; तो होता, बक्षिसं घेतली, माफीचे दोन शब्द बोलला. २०१८मध्ये त्याच मध्यंतरात गायला त्याला पुन्हा बोलावलं. तिची जाहीर माफी त्यानं २०२१मध्ये मागितली, १७ वर्षांनी. कपडा ओढणारा हात त्याचा होता.

तुमच्या लेकीला कदाचित मॅडोनाचं नाव सांगावंसं वाटेल, आणि ते बरोबर आहे. १९९२मध्ये तिनं स्वतःची कंपनी काढली, मोठ्या कंपनीशी करार स्वतःच्या अटींवर केला. कात्री तिच्या हातात होती. १९९०मध्ये कॅमिल पाग्लिया या लेखिकेनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये तिला खरी स्त्रीवादी म्हटलं. दोनच वर्षांनी बेल हुक्स या कृष्णवर्णीय विचारवंत बाईंनी उलट बाजू मांडली: ही गोरी बाई कृष्णवर्णीयांच्या संस्कृतीतून हवं ते उचलते आणि सत्ता मात्र गोऱ्या बाईचीच गाजवते. मला दोघींचंही पटतं, आणि त्यात मला काही अडचण वाटत नाही. कारण मी मागच्या रांगेतल्या मुलामुलींचे कपडे शिवले आहेत. मॅडोनाच्या १९९०च्या दौऱ्यातले नर्तक आठवा. त्या दौऱ्याचा पडद्यामागचा चित्रपट पुढच्या वर्षी आला, त्यात ते किती मोकळे, किती धीट वाटतात. १९९२मध्ये त्यांच्यातल्या तिघांनी तिच्यावर खटला भरला. आमचं खासगी आयुष्य आमच्या संमतीशिवाय दाखवलं, ही तक्रार. एकाचं म्हणणं होतं, की दुसऱ्या पुरुषाचं चुंबन घेतानाचा माझा प्रसंग गाळा अशी विनंती केली होती, ती मानली नाही. त्या काळात असं जगासमोर येणं म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकता. १९९४मध्ये प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. तर एका बाईला सत्ता मिळाली हे खरं, आणि तिच्या शेजारी नाचणाऱ्याचं "नको" ऐकलं गेलं नाही हेही त्याच दौऱ्यातलं खरं. "सक्षमीकरण" हा शब्दच बघा ना. कुणीतरी कुणाला तरी सक्षम करतं, असा त्याचा घाट आहे. तो वापरला की मी लगेच विचारते, कुणी, कुणाला?

आता तुमच्या भिंतीवरचं चित्र. सब्रिनाला कुणी बळजबरीनं बसवलं असेल असं मला वाटत नाही. ती स्वतःची गाणी लिहिते, स्वतःच्या प्रतिमेशी खेळते. अल्बमला तिनं जे नाव दिलंय ते इंग्रजीत कुत्र्याला म्हणतात, माणसाचा जिवलग मित्र. म्हणजे पुरुषांना बाईकडून काय हवं असतं त्याची ती खिल्ली उडवतेय, असं तिचे चाहते सांगतात. ग्लासगोमध्ये घरातला छळ सोसलेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं मात्र जाहीर नाराजी कळवली. ज्यांचे केस खरोखर मुठीत धरले गेलेत त्यांच्या बाजूनं ते आलं होतं. पुढे तिनं दुसरं एक मुखपृष्ठही काढलं.

माझं मत विचाराल तर निवड खरी, पण चित्र कच्चं आहे. खिल्ली उडवायची तर ज्याची उडवायची तो दिसायला हवा. चेहरा चौकटीबाहेर ठेवला की तो कुणीही होतो, आणि मग हसायचं कुणाला? बघणाऱ्याची नजर जाते ती केसांवर आणि गुडघ्यांवर. चांगल्या पोशाखाचंही असंच असतं, बाहेर उभं राहून समजावून सांगावं लागलं तर कुठेतरी शिवण चुकलेली असते.

पण ते चित्र काढायला लावू नका. तुम्ही दोघी वेगवेगळ्या प्रश्नांवर भांडताय. लेक म्हणतेय, बाईनं काय करायचं ते बाई ठरवेल. तुम्ही म्हणताय, हे बघून लोक बायकांशी कसे वागतील. दोन्ही प्रश्न खरे आहेत. १६व्या वर्षी तिला पहिला जवळचा वाटणारच, कारण तो तिच्या स्वतःच्या आयुष्याचा आहे; गायिकेच्या आडून ती तुमच्याशी स्वतःबद्दल बोलतेय. रात्री तिच्या खोलीत जाऊन बसा आणि चित्राकडे बघून एवढंच विचारा, "हा माणूस कोण असेल गं?" आणि मग ती काय म्हणते ते ऐका. मध्ये बोलू नका.

मी ३० वर्षं गाणं शिकवतो. शिष्यांना सांगतो, गळ्यात दम असेल तर बाकी कशाची गरज नसते. या गायिकांच्या गाण्याबद्दल कुणी बोलतच नाही, सगळी चर्चा शरीराची. पुरुषांना हे करावं लागत नाही. मग याला कला कसं म्हणावं? – एक संगीतशिक्षक

सर, गाण्याबद्दल कुणी बोलत नाही ही तुमची खंत शंभर टक्के माझी. जॅनेट जॅक्सननं नाच आणि ताल यांची जी सांगड घातली तिच्यावर आज कितीतरी जणी उभ्या आहेत, आणि लोकांना तिचा तो अर्धा सेकंद आठवतो.

पुरुषांचं मात्र तुम्ही म्हणता तसं नाही. ६ जानेवारी १९५७ला एल्व्हिस प्रेस्ली अमेरिकन टीव्हीवर गायला तेव्हा कॅमेऱ्यानं त्याला फक्त कमरेच्या वर दाखवलं. खाली तो जे करत होता ते घराघरांत दिसू नये म्हणून. प्रिन्स नावाचा गायक उंच टाचा आणि उघडी छाती घेऊन उभा राहिला. त्यांनीही अंग पुरेपूर वापरलं. फरक पुढे पडतो. तू सक्षम झालास का रे, असं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि गळा आहे की नाही याचा पुरावाही मागितला नाही.

पॉप ही नुसत्या कानाची कला कधीच नव्हती. १ ऑगस्ट १९८१ला एमटीव्ही सुरू झालं आणि गाणं डोळ्यांचंही झालं असं आपण म्हणतो, पण त्याच्या कितीतरी आधीची कृष्णवर्णीय अमेरिकन नर्तिका जोसेफीन बेकर घ्या. १९२५मध्ये पॅरिसला आली तेव्हा १९ वर्षांची. पुढच्या वर्षी फोली बर्जेर या नाट्यगृहात ती कमरेला केळ्यांचा स्कर्ट बांधून नाचली. गोरे प्रेक्षक "रानटी" काहीतरी बघायला येत. तिनं त्यांना ते दिलं, पण डोळे तिरळे करून, गाल फुगवून, गुडघे एकमेकांवर आपटून. ती चित्रफीत आजही बघायला मिळते. बघणारा तिच्या अंगाकडे बघायला जातो आणि ती त्याच्याकडे बघून तोंड वेंगाडते. मी ती शंभरदा बघितली असेन. शरीर आणि विनोद एकाच क्षणी, एकाच तालात सांभाळायला जी तयारी लागते तिला मी कलाच म्हणते. आणि सर, तुमच्यासाठी मुद्दाम सांगते: दुसऱ्या महायुद्धात हीच बाई फ्रान्सच्या गुप्त चळवळीसाठी स्वरलिपीच्या कागदांवर अदृश्य शाईनं लिहिलेले निरोप सीमेपार नेत होती. ३० नोव्हेंबर २०२१ला पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, फ्रान्सच्या थोरांच्या स्मारकात, तिला मानाची जागा मिळाली. तो मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

माझ्या धंद्यातलं उदाहरण म्हणजे जाँ-पॉल गोतिए या फ्रेंच फॅशन डिझायनरनं १९९०च्या दौऱ्यासाठी मॅडोनाला शिवलेली शंकूच्या आकाराची चोळी. फोटोत ती चावट वाटते. पण ती कशी घातली होती ते बघा: वर पुरुषी, बारीक रेघांचा सूट, त्याला दोन चिरा, आणि त्या चिरांतून हे सॅटिनचे शंकू बाहेर आलेले. शंकूभोवती गोल गोल टीप मारत नेलीय, जिरेटोप घडवावा तशी. अंतर्वस्त्र म्हणजे आत लपवायचं मऊ काहीतरी, ते तिनं बाहेर काढून चिलखत करून टाकलं. एका गाण्यात पुरुष नर्तकांनाही तसेच शंकू बांधले. एका शब्दाचंही भाषण नाही, सगळं कापडात सांगितलंय. टोरांटोत २९ मे १९९०ला पोलीस मंचामागे आले, एक प्रसंग केलात तर अटक करू म्हणाले. तिनं तो केला. अटक झाली नाही.

पण धक्का देणं म्हणजेच कला, असं माझं म्हणणं असल्याचं कृपा करून समजू नका. ऑक्टोबर १९९२ हा एकच महिना घ्या. २१ तारखेला मॅडोनाचं नग्न छायाचित्रांचं पुस्तक चंदेरी वेष्टनात सीलबंद होऊन दुकानात आलं. किंमत ५० डॉलर, पहिल्याच दिवशी अमेरिकेत दीड लाख प्रती गेल्या. त्याआधी १८ दिवस, ३ तारखेला, आयर्लंडची गायिका सिनेड ओ'कॉनर अमेरिकन टीव्हीवर गायला उभी राहिली होती. रेकॉर्ड कंपनीच्या माणसांनी केस वाढव, बायकी कपडे घाल असं सांगितलं म्हणून जिनं डोकं भादरून घेतलं होतं, ती ही. साथीला एकही वाद्य नाही, फक्त गळा. सर, तुमचीच अट. गाणं संपताना तिनं पोपचा फोटो कॅमेऱ्यासमोर फाडला, चर्चमध्ये मुलांवर होणाऱ्या अत्याचारांविरुद्ध. १६ तारखेला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ती मंचावर आली तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. तिची अमेरिकेतली कारकीर्द तिथे मोडली. आयर्लंडच्या सरकारी चौकशीचे अहवाल २००९मध्ये आले आणि ती ज्याबद्दल ओरडत होती ते कागदावर आलं.

एका धक्क्यानं दुकानं भरली, दुसऱ्यानं गाणारीला उघड्यावर आणलं. मॅडोनाचं ते पुस्तक मला तिच्या कामातलं सामान्य वाटतं. तिच्या चोळीत जी बुद्धी आहे ती त्यात नाही, नुसतं धाडस आहे, आणि त्या धाडसाला गिऱ्हाईक आधीच रांगेत उभं होतं. सिनेडनं काहीच उघडं केलं नाही, तरी त्या महिन्यातली सगळ्यांत उघडी बाई तीच होती.

तुमच्या शिष्यांपैकी एखादीला मंचावर नाचत गायचं असेल तर तिला अडवू नका. नाचताना दमश्वास कसा राखायचा हे शिकवा. ते शिकवणारं तिला दुसरं कुणी भेटणार नाही.

ताई, मी १९ वर्षांची आहे, समूहात नाचते. एका गायिकेच्या मोठ्या शोसाठी माझी निवड झालीय. ट्रायलला दिलेला पोशाख बघून मी दचकले. तसं म्हटलं तर उत्तर मिळालं, "एवढ्या मोठ्या स्टार हे घालतात, तू कोण लागून गेलीस?" नाही म्हटलं तर काम जाईल. बाकीच्या मुली हसतात. मी मागासलेली आहे का? – नाव छापू नये

नाही गं. मुळीच नाही.

२०१३मध्ये सिनेड ओ'कॉनरनं मायली सायरस या तरुण अमेरिकन गायिकेला उघडं पत्र लिहिलं होतं. हा धंदा तुला वापरून घेतोय, तुझी किंमत तुझ्या अंगात नाही, असं आईच्या मायेनं. मायलीला ते लागलं आणि दोघींचं भांडण सगळ्या जगानं बघितलं. सिनेड चुकली असं मी म्हणणार नाही, पण मोठ्या बाईनं धाकटीला जाहीर उपदेश केला की धाकटीला कानकोंडं होतं, हे मला त्यातून कळलं. म्हणून तू तो कपडा घालावास की नाही हे मी सांगणार नाही. तुला घालावासा वाटला आणि तो तुझ्या अंगावर देखणा दिसला, तर मी विंगेत उभी राहून टाळ्या वाजवीन. तुला पैशांची गरज आहे म्हणून घातलास, तरी त्यात शरमेसारखं काही नाही. फक्त ज्या स्टारचं नाव तुझ्या तोंडावर फेकलं गेलं, तिच्या अंगावरच्या कपड्यावर चार-चार माणसं काम करतात हे तुला ठाऊक असू दे. तिचं उघडं दिसणारं अंग बरेचदा अंगाच्या रंगाच्या जाळीनं झाकलेलं असतं, आतून चिकटपट्ट्या असतात, वाकताना काय होतं ते आरशासमोर दहादा बघितलेलं असतं. हे सगळं तिला मिळतं आणि तुला एका पिशवीत गुंडाळलेला ड्रेस मिळतो. मग तुला तिच्यासारखं वागायला सांगायचा हक्क कुणालाच नाही.

तेव्हा जाळी माग. आतून अस्तर लावून माग, हुकावर टिचबटण माग. ट्रायल ट्यूबलाइटखाली घेऊ नकोस. शोचे दिवे लावून, पूर्ण नाच करून घे. हात वर कर, खाली बस, उडी मार. मंचाच्या कडेला, खालच्या बाजूला कॅमेरा लागणार आहे का ते विचार. चित्रीकरण कुठे टाकणार, तुझा जवळून घेतलेला शॉट वापरणार असतील तर आधी दाखवणार का, हे निरोपात लिहून घे. तोंडी "हो हो" चालायचं नाही. आणि हे बोलणं रंगीत तालमीच्या आधी कर. शोच्या रात्री कुणाला वेळ नसतो, तेव्हा सगळ्यात धाकटीनं गप्प बसायचं असा रिवाजच असतो. हसणाऱ्या मुलींपैकी एखादी एकटी सापडली तर तिला हळूच विचार. माझा अनुभव आहे, निम्म्या जणी हसतात कारण त्याही दचकलेल्या असतात. दोघी मिळून गेलात तर काम काढून घेणं जड जातं.

एवढं करूनही ते म्हणाले, घालायचं तर हेच, नाहीतर निघ, तर तुझी शंका खरी होती हे तुला कळेल. पुढचं तू ठरव. तू जे ठरवशील त्याबद्दल तुला कमी लेखणारी मी नाही.

वर पहिल्या उत्तरात मी एका मुलीबद्दल लिहिलंय, डाव्या हातानं स्कर्ट ओढणाऱ्या. तीही १९ वर्षांचीच होती. पुढच्या शोला मी तिच्या स्कर्टची दुमड सोडून दोन बोटं खाली केली, कुणाला न सांगता. आयोजकांच्या लक्षातही आलं नाही. पण त्या पहिल्या रात्री, ती स्टुलावर उभी असताना, मी तिला काहीच विचारलं नव्हतं. ती दाराकडे का बघतेय हे मला कळलं होतं, तरीही. दौरा संपल्यावर ती दुसऱ्या गाडीनं गेली आणि मला तिची माफी मागायची राहून गेली.

आता माझ्याकडे स्टुलावर कुणीही उभी राहिली की मी कात्री खाली ठेवते आणि आधी विचारते, "तुला किती हवंय?" तुझ्या कपडेपटातली बाई विचारत नसेल, तर तिनं खडूची खूण केल्यावर आणि कात्री उचलायच्या आधी तिचा हात धर आणि म्हण, "मावशी, थांबा. मला बोलायचंय." ती थांबेल.